परताव्याच्या आकड्याची दुसरी बाजू

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात रोखे आणि समभाग यांची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कविता, कथा आणि प्रवासवर्णने यांच्या पंगतीत हा हिशेबनीस कोठून येऊन बसला, असेही कोणी म्हणेल. 'हा विषय वाणिज्य शाखेचा' असे म्हणून आपण तो आजवर बाजूला ठेवला. माझे म्हणणे असे की, तशी सोय आता आपल्याला उरलेली नाही.

पूर्वी सरकारी नोकराला निवृत्तीनंतर ठरावीक निवृत्तिवेतन मिळे. बाजार चढो वा पडो, त्याची चिंता सरकारने करावयाची. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या (सैन्यदले वगळून) आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी अंशदायी योजना आली. पगारातून कापलेली रक्कम आणि सरकारचा वाटा रोख्यांत व समभागांत गुंतवायचा, आणि अखेरीस हाती काय पडेल ते बाजाराने ठरवायचे, अशी ही व्यवस्था. तिच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून काही हमी असलेली दुसरी योजना पर्याय म्हणून दिली. या साऱ्या वादाच्या मुळाशी प्रश्न एकच होता: बाजाराची जोखीम कोणी उचलावयाची? आपल्या काही प्राध्यापकांना हा प्रश्न मी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण आपल्या घरांतून पैशाविषयी एकच प्रश्न विचारला जातो: 'किती टक्के मिळतात?' माझ्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी जी रक्कम मिळाली, तिच्यासाठी दोन-तीन जण घरी येऊन गेले. प्रत्येकाने टक्केवारी तोंडपाठ सांगितली. ती कोणत्या जोखमीच्या बदल्यात मिळणार, हे एकानेही सांगितले नाही. परताव्याचा आकडा एकटा आला, की तो अर्धे वाक्य असतो. उरलेले अर्धे वाक्य वाचण्यासाठी दोन हिशेब पुरतात, आणि ते दोन्ही शालान्त परीक्षेच्या गणिताने जमतात.

पहिला हिशेब रोख्याचा. रोखा म्हणजे आपण सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचा कागद. समजा, १,००० रुपये दर्शनी किमतीचा, ८ टक्के व्याजाचा, १० वर्षे मुदतीचा रोखा आपल्याजवळ आहे. दरवर्षी ८० रुपये आणि शेवटी १,००० रुपये येणार, हे ठरलेले. मग धोका कसला? धोका असा की, उद्या तशाच नव्या रोख्यावर १० टक्के मिळू लागले, तर आपला रोखा १,००० रुपयांना कोणी घेणार नाही. त्याची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. १० टक्के दराने वर्षाने येणारे ११० रुपये म्हणजे आजचे १००. त्याच न्यायाने पहिल्या वर्षाच्या ८० रुपयांना १.१० ने एकदा भागायचे, दुसऱ्या वर्षाच्या ८० रुपयांना दोनदा, असे करत दहाव्या वर्षाच्या १,०८० रुपयांपर्यंत जायचे आणि सर्वांची बेरीज करायची. उत्तर येते सुमारे ८७७ रुपये. मुदत एकच वर्ष उरली असती, तर उत्तर सुमारे ९८२ रुपये आले असते. म्हणजे व्याजदर चढला की रोखा उतरतो, आणि मुदत जितकी लांब तितका अधिक उतरतो.

हे केवळ वहीतले गणित नव्हे. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये कोसळली. तिच्याजवळचे लांब मुदतीचे रोखे बहुतांशी सरकारी किंवा सरकारी पाठबळाचे होते. ते बुडीत नव्हते. व्याजदर झपाट्याने वाढल्यामुळे त्यांची किंमत उतरली होती. ठेवी निघून जाऊ लागल्या तेव्हा ते तोट्यात विकावे लागले, ते जाहीर होताच ठेवीदारांची झुंबड उडाली आणि बँक बंद पडली. कर्ज घेणाराच डळमळला तर काय होते, हे आपल्याकडे मार्च २०२० मध्ये दिसले. येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे विशेष रोखे शून्य किमतीचे ठरवण्यात आले, आणि तो वाद न्यायालयात गेला. तेव्हा 'रोखा म्हणजे निर्धास्त' हे वाक्य आपण सोडून द्यावे.

दुसरा हिशेब समभागांचा. समजा, एका कंपनीच्या समभागाने तीन वर्षांत अनुक्रमे अधिक ३०, उणे १० आणि अधिक १० टक्के परतावा दिला. सरासरी १० टक्के. प्रत्येक वर्षाचा आकडा सरासरीपासून किती दूर गेला, त्या अंतरांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. येथे ते सुमारे १६ टक्के येते. दुसऱ्या कंपनीचे आकडे उणे १०, अधिक ३० आणि अधिक १०. सरासरी तीच, हेलकावाही तेवढाच. आता दरवर्षी निम्मे पैसे एकीत आणि निम्मे दुसरीत ठेवले, तर तीनही वर्षे सरळ १० टक्के मिळतात आणि हेलकावा शून्य होतो. शिवाय एकट्या कंपनीत १०० रुपयांचे १२८ रुपये ७० पैसे झाले असते, ते दोघींत मिळून १३३ रुपये १० पैसे होतात. सरासरी सारखी असूनही हेलकावा पैसे खाऊन जातो!

शिकागो विद्यापीठात शिकलेले हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. समभाग सुटा पाहू नये, संचातील इतरांबरोबर तो कसा चालतो ते पाहावे, हे त्यांच्या सांगण्याचे सार. कच्चे तेल महागले की विमान कंपनीचा खर्च वाढतो आणि तेल काढणाऱ्या कंपनीची मिळकत वाढते. अशा दोघी जवळ असल्या तर एकीचे दुखणे दुसरी थोडे हलके करते. उलट पाच बँकांचे समभाग घेणाऱ्याने पाच नावे घेतलेली असतात, जोखीम मात्र बरीचशी एकच.

या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. माझ्या उदाहरणासारखी नेमकी उलटी जोडी बाजारात मिळत नाही, आणि संकटात सारेच एकदम खाली येतात. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या घरात गेलेला मुंबईचा निर्देशांक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला. निम्म्याहून खाली आलेली रक्कम पूर्ववत व्हायची तर दुपटीहून अधिक वाढावी लागते. पंचविशीतला तरुण तोवर थांबू शकतो. पुढच्या महिन्यात घरखर्चाला पैसे हवे असलेला निवृत्त कारकून कसा थांबणार? प्रमाण विचलन दोघांचे सारखेच, पण घाव सारखा नाही. येथे गणित थांबते आणि माणसाचा विचार सुरू होतो. तो विचार करण्याचे शिक्षण तर आपल्याच शाखेत मिळते!

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात, विषय कोणताही असो, प्रत्येक विद्यार्थ्याला या दोन हिशेबांसाठी पाच-सहा तासिका द्याव्यात. त्यातून कोणी शेअरबाजारात जावे असा हेतू नाही. परंतु उद्या घरी कोणी टक्केवारी घेऊन आले, तर 'मुदत किती, हेलकावा किती, आणि बुडाले तर कोणाचे बुडणार?' हे तीन प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला शांतपणे विचारता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.