वाकळ आणि फुरसत

भाद्रपद सरत आला आणि घटस्थापना आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपली, की मराठवाड्यातील घराघरांतून एक जुने काम निघते. घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे अंगणात येतात आणि वाकळांची गाठोडी डोक्यावर किंवा गाडीत घालून बायका पाण्याच्या दिशेने निघतात. सोनपेठ तालुक्यात गोदाकाठच्या गावांना नदीच जवळची. इतरांना ओढा, विहीर वा कालव्याचा काठ. भिजलेली वाकळ एकटीच्याने उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून ती पिळतात, आणि मग काठच्या झुडपांवर, धोंड्यांवर, वाळूवर ते रंगीबेरंगी चौकोन दिवसभर वाळत पडतात. पोरे पाण्यात डुंबत असतात. दुपारी फडक्यातील भाकरी-ठेचा सुटतो. या दिवसाला कोणी सहल म्हणत नाही, कारण तो कामाचा दिवस असतो. तरीही चारचौघींसोबत उघड्या आभाळाखाली बसून जेवावे, असा दुसरा दिवस त्यातील अनेकींच्या वाट्याला वर्षभरात येत नसेल.

या दिवसाचे काय करावे, हे अर्थशास्त्राला कधीच नीट उमगलेले नाही. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून गोदावरीचे पाणी परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे जाते आणि त्याची नोंद विजेच्या युनिटांत, म्हणजे पर्यायाने राष्ट्रीय उत्पन्नात होते. त्याच पाण्यात धुतलेल्या वाकळेची नोंद कोठेही होत नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 साली ही विसंगती एका खोचक उदाहरणाने दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले, तर तीच बाई तेच काम करीत असूनही राष्ट्राचे उत्पन्न घटते! पुढे संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीत 1993 साली सुधारणा झाली आणि घरच्या वापरासाठी घरीच बनवलेल्या वस्तू उत्पादनात धराव्यात, असे ठरले. रांधणे-वाढणे यांसारख्या घरगुती सेवा मात्र वगळलेल्याच राहिल्या. या नियमाने भाकरी भाजणे हिशेबाबाहेर राहते, पण वाकळ आत येते. व्यवहारात मात्र अशा वस्तूंचे प्रमाण लक्षणीय असेल तरच त्या मोजाव्यात, अशी मुभा आहे. आणि त्या मुभेतून वाकळ अलगद निसटते.

वाकळ म्हणजे मुळात टाकाऊ कापड. झिजून मऊ झालेले लुगडे, जुने धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे. हे सारे स्वच्छ धुऊन जमिनीवर थरावर थर अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कडा दुमडून घ्यायच्या आणि काठापासून आत आत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जायचे. घरात बाळ येणार असेल तर त्याच मापाचे लहान दुपटे. सुगी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या लांबलचक दुपारी हे काम मांडले जाते. एक जण सुई ओवते, दुसरी कोपरा धरते, शेजारची सहज आलेली तिसरी दोन ओळी घालून जाते. काम महिनाभर चालले तरी कोणाची तक्रार नसते. घाई असण्याचे कारणच नसते. आणि तयार झाल्यावर ती वाकळ अंगावर घेणाऱ्याला बोटाने दाखवता येते: हा आजीच्या लुगड्याचा काठ, हे आजोबांचे धोतर, हा धाकटीचा पहिला परकर.

सोनपेठच्या शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. या भागात कोणालाही विचारावे, विठ्ठल आणि जनीची वाकळ यांची कथा तो सांगेल. जनीच्या खोपटात रात्र काढून पांडुरंग पहाटे काकड्याच्या घाईने निघाला. निघताना आपला शेला समजून जनीची ठिगळांची वाकळ पांघरून गेला आणि गळ्यातील रत्नांचे पदक तिथेच विसरला. पुढे पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. देवाच्या अंगावर चढवण्याजोगे वस्त्र म्हणून लोकमनाला शेल्याच्या बरोबरीने सुचली ती वाकळ, आणि तीही एका दासीची. विदर्भातील गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रावरूनच.

मात्र ज्यांच्या कपाटात शाली आहेत, त्यांनी वाकळेचे गोडवे गाण्यात विशेष काही नाही. वाकळ ही गरिबीची निपज आहे. परभणीच्या हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा थंडीत विकत घेतलेले पांघरूण परवडत नाही, म्हणून ती जन्माला आली. प्रश्न असा, की अडचणीतून जन्मलेल्या या वस्तूच्या घडणीत एवढा आनंद आला कोठून, आणि अडचण थोडीफार हटल्यावर तो आनंद का आटला?

हंगेरीत जन्मलेले अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टिबोर सिटोव्हस्की यांनी 1976 साली ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ नावाचा ग्रंथ लिहिला. सुखसोय आणि आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. सोय म्हणजे त्रासाचा अभाव. ती विकत मिळते, लगेच मिळते आणि तितक्याच लवकर अंगवळणी पडते. आनंदाला मात्र काही अंगचे कसब लागते, थोडा प्रयास लागतो, आणि काही तरी बदलत असल्याची जाणीव लागते. बाजारातून आणलेले मऊ ब्लँकेट पहिल्या रात्री सुख देते. आठव्या रात्री ते नुसते ब्लँकेट असते. वाकळेतही ऊब ही सोयच आहे. पण ती शिवणाऱ्या हातांना कोणता तुकडा कशाशेजारी लावावा या विचारात जे मिळते, ते या दुसऱ्या प्रकारातील असते, आणि ते दुकानात मिळत नाही.

आता हा आनंद का आटला, याची कारणे पाहू. पहिले कारण अगदी साधे, कापडाचे. परभणी-नांदेडचा मुलूख कापसाचा. येथील गावरानी कापूस एके काळी चांगल्या धाग्यासाठी नावाजलेला होता. पण टेरिलिन, टेरिकॉट आणि नायलॉन आले आणि कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरूनच कापूस उतरला. ही कापडे टिकाऊ, धुवायला हलकी, इस्त्रीची कटकट नाही. गरीब घराने ती आपलीशी केली यात नवल ते काय? पण कृत्रिम धाग्याची साडी जुनी होते तेव्हा मऊ होत नाही. तिचे थर एकमेकांवरून घसरतात, ती घाम टिपत नाही. वाकळेचा कच्चा माल म्हणजे झिजलेले सुती कापड, आणि घरात तेच उरले नाही.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे. येथे जात्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे बरे. गावात पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे त्यांचे फार मोठे ऋण. परंतु ओव्यांसाठी पहाटे उठून पुन्हा जाते ओढायला आज एकही बाई तयार होणार नाही, आणि होऊही नये. दळण हे कष्ट होते. ओवी हा त्या कष्टावरचा उतारा होता. वाकळेचे तसे नाही. ती शिवणे हे बव्हंशी मोकळ्या वेळेचे काम. म्हणून तर्काने पाहता गिरणी, नळ, गॅस आल्यावर वाचलेल्या वेळात वाकळा वाढायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत. मग वाचलेला वेळ गेला कोठे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. 2024 च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली खरी; पुरुषांनीही मागे न राहता आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली. आणि ही झाली घरातील कामे. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी यांची मजुरी त्याखेरीज. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती तर आणखी बिकट. बीड-परभणीच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची ‘कोयता’ म्हणून जोडी उचल घेऊन निघते आणि उन्हाळा लागताना परतते. फडावरच्या कोपीत त्यांच्या सोबत वाकळा असतात, पण त्या जुन्या. परत येऊन घर सावरेपर्यंत चैत्र-वैशाखाच्या त्या लांब दुपारी निघून गेलेल्या असतात. फुरसत ही सुद्धा एक संपत्ती आहे, आणि तिचे वाटप जमिनीच्या वाटपाहून अधिक समान आहे असे मानायला काहीच आधार नाही.

शहाण्या समाजाने फुरसतीची सोय पूर्वी पंचांगातच करून ठेवली होती. मार्गशीर्षातील वेळा अमावस्या, बोलीतील येळवस, हे त्याचे ठसठशीत उदाहरण. लातूर-धाराशिवच्या भागात आणि त्याला लागून असलेल्या बीड, नांदेड, परभणीच्या काही गावांत या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांची पंगत बसते. ज्याला शेत नाही, त्याला शेतवाला आग्रहाने बोलावतो. ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यांवर आलेला. निसर्ग पाहायला कोणाला दूर जावे लागत नाही. त्यामागोमाग येतो हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसून, तळहातावर कणीस चोळून खायचा हा पदार्थ आता पुण्यासारख्या शहरांच्या आसपास माणशी दर लावून विकला जातो. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडत असतील तर पडोत. पण आगटीभोवती कोणाला बोलवायचे हा निर्णय पूर्वी नात्यागोत्याचा आणि शेजारधर्माचा होता, तो आता ऐपतीचा झाला, एवढा फरक लक्षात ठेवावा.

वाकळेचेही तसेच होऊ घातले आहे. ‘हातशिलाईची गोधडी’ या नावाने ती शहरांतील प्रदर्शनांत दिसते आणि तेथील किंमत पाहून खेड्यातील बाई थक्क होते. बचत गटांनी हे काम हाती घ्यावे, असा सल्ला तर उठताबसता दिला जातो. सल्ला वाईट नाही, पण त्यापूर्वी अमेरिकेतील एक उदाहरण पाहावे. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज राहतात. तेथील बायका जुन्या कामकरी कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवत आल्या. 1966 साली त्या परिसरात गोधडी शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था स्थापन झाली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आणि पुढच्याच वर्षी काही शिवणाऱ्यांनी, आपल्याला रास्त मोबदला मिळाला नाही, असे म्हणत न्यायालयात दावे दाखल केले. दावे पुढे तडजोडीने मिटले. बाजारात वस्तू गेली की तिच्याबरोबर बाजाराची भांडणे येतात. शिवाय मागणीनुसार, ठरल्या मुदतीत, ठरल्या रंगात शिवलेली गोधडी ही मजुरी असते. ती मजुरी रास्त दराने मिळावी, हे निर्विवाद. फक्त तिला जुन्या दुपारचा आनंद समजू नये.

तो आनंद परत हवा असेल तर प्रश्न कापडाहून अधिक वेळेचा, आणि वेळेचा प्रश्न अखेर घरातील कामाच्या वाटणीचा. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारदार घरांत तर कापडाची सबबही चालण्याजोगी नाही. सुती साड्या, सदरे, चादरी तेथे दरवर्षी जुन्या होतातच. रविवारची दुपारही असते. ती दुपार घरातील कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाची स्वयंपाकघरात जाते, एवढेच पाहायचे. आणि सुई हे बायकांचेच हत्यार, ही समजूत तर आपल्याच परंपरेला धरून नाही. गावोगावचे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच आहेत. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारा धनगर चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातीत असे, आणि त्या सुताचे घोंगडे होई. चातीवर सूत काढणारा हात कोणी बायकी म्हटला नाही. मग सुट्टीच्या दुपारी वाकळेचा एक कोपरा धरून धावदोऱ्याच्या चार ओळी घालायला घरातील पुरुषाला अडचण कोणती?