तक्रारीपुरतीच आपली शाई

आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत लाखोंचा जमाव जागच्या जागी थांबतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मौन श्रद्धांजली वाहिली जाते. मग तोच जमाव महामार्गावरच्या एसटीकडे धावतो आणि दारात उभ्या वाहकावर खेकसतो. महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला, ग्रामगीतेत श्रमसंपत्तीवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यांच्या समाधीपुढे जोडलेले हात गाडीच्या पायरीवर अरेरावीला उठत असतील, तर त्या मौनाचा मला राग येतो.

या वाहकाचं काम आपण कधी नीट पाहिलं आहे? २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. योजना चांगल्याच आहेत. पण म्हाताऱ्याच्या पिशवीच्या तळाशी गेलेलं आधार कार्ड तोच धीराने पाहतो, सुटे पैसे तोच पुरवतो, खच्चून भरलेल्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मशीन तोच चालवतो. आजीला उतरवायला गाडी थांब्याच्या थोडी पुढे नेऊन उभी करणारे चालक याच रस्त्यावर आहेत. आजी उतरते. गाडीत एकाचंही तोंड उघडत नाही.

विचारलं की उत्तर तयार: "पगार घेते ना तो! उपकार करते काय?" हे उत्तर आळशी आहे आणि कृतघ्नही. पगार तिकीट फाडण्याचा मिळतो. माणुसकीने बोलण्याचा वेगळा पगार कुठल्याही महामंडळाने अजून दिलेला नाही. तलाठी, परिचारिका, पोस्टमन, बँकेच्या खिडकीतली मुलगी, सगळ्यांच्या बाबतीत आपलं हेच. काम अडलं की साहेबांपर्यंत जातो, काम झालं की पाठ फिरवतो. ग्राहक म्हणून हक्क आपण १९८६ च्या कायद्यापासून शिकलो आणि ते शिकायलाच हवे होते. पण चांगलं काम करणाऱ्याच्या नावावर फक्त तक्रारीच जमा होत गेल्या, तर कामचुकार आणि कष्टाळू यांच्यात वरिष्ठांनी फरक करायचा कशावरून?

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला तेव्हा खेड्यातली पोरं कॉलेजात पोहोचेनात, रुग्ण अडकले. तेव्हा आठवण आली. गाड्या सुरू झाल्या आणि विसरलोही.

चहासाठी दहा रुपये खिशात कोंबून हे ऋण फिटत नाही; त्यात मेहरबानीचा वास येतो. बसस्थानकावर तक्रार वही असते, ती मागा आणि तिच्यात चार ओळी चांगल्या लिहा. वाहकाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावरचा क्रमांक टिपून घ्या. तारीख-वेळ तिकिटावर छापलेली असते. काय केलं ते नेमकं लिहा, नुसतं 'सेवा उत्तम' नको. आणि आगार व्यवस्थापकांनी तक्रारीची नोटीस ज्या फळ्यावर लावतात, त्याच फळ्यावर ही पानंही लावावीत. सही ठोकून ती कपाटात गेली, तर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही.