पहिल्या चोवीस तासांतील कावीळ

नवजात बाळाला थोडी कावीळ होतेच, असे घरोघरी म्हटले जाते. ते बहुतांशी खरे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी पिवळी छटा बहुधा आपोआप ओसरते. मात्र जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळ पिवळे दिसू लागले, तर ती कावीळ साधी समजू नये. तिच्यामागे अनेकदा माता आणि बाळ यांच्या रक्तगटांतील विसंगती असते.

माता आरएच निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असल्यास, प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त मातेच्या रक्तात मिसळते आणि तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले अपत्य बहुधा सुखरूप राहते. पुढच्या पॉझिटिव्ह गर्भाच्या तांबड्या पेशी मात्र ही प्रतिपिंडे नष्ट करू लागतात. त्यातून बिलिरुबिन वाढते. ते मेंदूत साचल्यास श्रवणशक्ती व हालचालींवरील ताबा कायमचा गमावण्याचा धोका असतो.

यावर ‘अँटी-डी’ इंजेक्शन हा प्रतिबंधक उपाय १९६८ पासून उपलब्ध आहे. ते सामान्यतः गर्भारपणाच्या २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला असेल, तरी डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे. हे औषध दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यात ११७३ वेळा दान केले.

मातेचा रक्तगट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ असला, तरी कावीळ होऊ शकते, तीही पहिल्याच अपत्याला. ती बहुधा सौम्य असते. परंतु तिला रोखणारे इंजेक्शन नाही. म्हणून आई आरएच पॉझिटिव्ह आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

कोवळे ऊन हा या काविळीवरचा उपचार नव्हे. रुग्णालयातील निळा प्रकाश ठरावीक तीव्रतेचा असतो आणि बिलिरुबिनची पातळी वारंवार तपासली जाते. पातळी फार वाढल्यास बाळाचे रक्त बदलावे लागते.

अशा वेळी सुनेच्या खाण्यापिण्याला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. निगेटिव्ह मातेच्या बाळाला पॉझिटिव्ह गट पित्याकडूनच मिळतो आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. पतिपत्नी दोघांचे रक्तगट पहिल्याच तपासणीत नोंदवून घ्यावेत. बाळ पिवळे दिसले, सुस्त झाले किंवा दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.