चपळ आलेख आणि थकलेला संगणक

शेअरबाजार पूर्वीं दलालाच्या पेढींत असे; आतां तो माजघराशेजारच्या खोलींत येऊन बसला आहे. मुंबई शेअरबाजारांत १९९५ सालीं संगणकावरून व्यवहार सुरू झाले, आणि पुढें हा बदल घरोघर पोंचला. सकाळीं सव्वानऊ वाजतां घरांतील एखादा तरुण पडद्यापुढें बसतो आणि कांहीं मिनिटांतच खरेदी-विक्री उरकतो. त्याचा एक हट्ट असतो : भावाचा आलेख क्षणोक्षणीं हलला पाहिजे. हा हट्ट कितपत हिताचा, याचा आज आम्ही विचार करणार आहोंत.

भाव बदलला कीं संगणकास दोन कामें पडतात : आलेख पुन्हा काढणें आणि त्यावरील सरासरी वगैरे रेषांचें गणित पुन्हा करणें. समजा, आठ आलेख उघडे आहेत, प्रत्येकावर पांच रेषा आहेत आणि भाव सेकंदास वीस वेळां बदलत आहे. म्हणजे सेकंदास आठशें गणितें झालीं. काम आवरेनासें झालें कीं नवे भाव रांगेंत तिष्ठत राहतात. पडदा हलत असतो, पण दाखवितो तो दोन-चार सेकंदांमागचा भाव! शिळ्या भावास ताजा समजून केलेला सौदा कोणास लाभेल?

ही आपत्ति नवी नव्हे. २४ ऑक्टोबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कच्या बाजारांत सुमारें १ कोटि २९ लाख शेअरांची उलाढाल झाली. बाजार दुपारीं तीनला बंद झाला, तरी भाव छापणारें यंत्र संध्याकाळीं सातनंतरही मागचेच भाव छापीत होतें. आपलें किती बुडालें हें कळण्यापूर्वींच अनेकांनीं घाबरून शेअर विकले.

आतां मनुष्याची शक्ति पाहूं. डोळ्यांनीं पाहून बोटानें कळ दाबावयास सामान्यतः पाव सेकंद लागतो. तेव्हां आलेख सेकंदास चार वेळां काढला तरी पुरे. चित्र कमी वेळां काढलें म्हणून भाव गळत नाहींत. मधला उच्चांक व नीचांक नोंदला जातोच. रेषांचें गणित मात्र निराळें आहे. तें प्रत्येक कँडल पुरी झाल्यावरच करविलें, तर भार पुष्कळ उतरतो. पण पांच मिनिटांच्या कँडलवर इशारा तितक्या विलंबानें मिळतो. म्हणून ज्या एका रेषेवर सौदा ठरतो, तेवढीच क्षणोक्षणीं चालूं द्यावी; बाकीच्यांस थांबवावें. न लागणारे आलेख मिटावे, वर्षभराच्या इतिहासाऐवजीं थोड्या दिवसांचाच मागवावा. आलेखावरील शेवटचा भाव आणि सौद्याच्या चौकटींतील भाव अधूनमधून ताडून पाहावे. भार उतरवूनही अंतर राहिलें, तर दोष इंटरनेटच्या जोडणींत शोधावा.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी. मोठ्या पेढ्यांचीं यंत्रें शेअरबाजाराच्या आवारांतच ठेवलेलीं असतात आणि त्यांचा हिशेब सेकंदाच्या लक्षांशांत चालतो. महागडा संगणक घेऊन घरच्या खोलींतून ती शर्यत जिंकतां यावयाची नाहीं. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटा झाला. त्या सर्वांचे संगणक मंद होते, असें कोणीं म्हणावें?

म्हणून नवीन यंत्रासाठीं घरांत पैसा मागितला गेला, तर आधीं आलेख कमी करून पाहावयास सांगावें. आणि किती तोटा झाला म्हणजे थांबावयाचें, हा आंकडा बाजार उघडण्यापूर्वींच कागदावर लिहवून घ्यावा. पडदा कितीही चपळ असला तरी तो आंकडा कांहीं त्यावर उमटत नाहीं.