दोन फेरे हातानें

जुनी मोटार घेणारा गृहस्थ आधीं तिचा रंग पाहतो, मग गाद्या चाचपतो आणि शेवटीं ती किती किलोमीटर चालली तें विकणाराच्या तोंडून ऐकून घेतो. एंजिनाच्या एका अंगास, झांकणामागें, रबराचा एक दातेरी पट्टा असतो व त्याचें वय बहुधा विकणारासहि ठाऊक नसतें, ही गोष्ट त्याच्या गांवींहि नसते. आमच्याहि नव्हती.

२००९ सालीं आम्हीं १९९८ सालची मारुती ८०० घेतली. “अहो, आधीं टायमिंगचा पट्टा बदलून घ्या,” असें शेजारच्या एका जाणत्या स्नेह्यांनीं बजावलें, म्हणून गाडी गॅरेजांत दिली. सायंकाळीं ती परत आली, सुरूहि झाली. परंतु कात्रजचा घाट चढतांना तिला दुसऱ्या गिअरांतहि धाप लागूं लागली, आणि पेट्रोल तर पूर्वीच्या मानानें कितीतरी अधिक जाऊं लागलें. पुढील दोन महिन्यांत प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदां साफ झाला, क्लच घसरतो असाहि एकानें निकाल दिला. पट्ट्याचा संशय मात्र कोणास आला नाहीं. कारण तो तर नवा होता!

या पट्ट्याचें काम काय, तें येथें सांगितलें पाहिजे. खालीं क्रँक, त्यास पिस्टन फिरवितात. वर कॅम, तो व्हॉल्व्ह उघडतो व मिटूं देतो. हवा घेणें, ती दाबणें, स्फोट आणि धूर बाहेर टाकणें हीं चार कामें क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात, व तेवढ्या अवधींत प्रत्येक व्हॉल्व्हची पाळी एकदांच येते. म्हणून क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक व्हावा लागतो, आणि वरच्या चाकास खालच्याच्या दुप्पट दाते असतात. पूर्वी ही जोडणी सांखळीनें किंवा दातेरी चाकांनीं होई. रबरी पट्ट्याचा मोटारींतील प्रवेश १९६२ च्या सुमाराचा. जर्मनींतील ग्लास कंपनीनें तो प्रथम आणला. पट्टा हलका व निःशब्द खरा, पण रबर म्हातारें होतें.

आतां समजा, खालच्या चाकास वीस दाते आहेत. तेथें एका दाताची चूक म्हणजे क्रँकच्या फेऱ्यांत अठरा अंशांची चूक. व्हॉल्व्ह उशिरां मिटतो, दाबावयाची हवा मागें निसटते, आणि एंजिन चालतें पण ओढीत नाहीं. कित्येक एंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकाच जागेंत आळीपाळीनें वावरतात; तेथें पट्टा अधिक सरकला किंवा तुटला तर व्हॉल्व्ह वांकतात, आणि मग खर्चाचा आंकडा गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करतो.

शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं कार्ब्युरेटरकडे पाहिलेंहि नाहीं. प्लग काढले, पट्ट्यावरचें झांकण काढलें, क्रँकच्या बोल्टास पाना लावला आणि म्हणाले, “साहेब, सेल्फला हात लावूं नका. हें हातानेंच पाहावयाचें.” खालच्या चाकावरील खूण बाणासमोर आली, वरची एका दातानें मागें राहिली. दोन महिन्यांचें कोडें पांच मिनिटांत उलगडलें.

चूक झाली कशी, तेंहि त्यांनीं दाखविलें. पट्टा क्रँककडून ताणचाक नसलेल्या अंगानें वर नेतांना ताठ असावा लागतो. ढील उरेल ती ताणचाकाच्याच बाजूस. ताठ बाजूस किंचित् ढील राहिली, तर ताणचाक सोडतांच ती ओढली जाते व कॅम जागचा हलतो. दुसरा घोटाळा खुणांचा. क्रँकच्या बाहेरील पुलीवर ठिणगीची वेळ पाहण्याची निराळी खूण असते; तीच पट्ट्याची समजून बसविणारे पुष्कळ आहेत. कोणत्या गाडीची खूण कोठें, हें त्या गाडीच्या पुस्तकांतच पाहावें.

पट्टा बसवून ताण दिल्यावर त्यांनीं एंजिन चालत्या दिशेनेंच, हातानें, पुरे दोन फेरे फिरविलें. एक फेरा कां नाहीं? एका फेऱ्यानें खालची खूण बाणासमोर येते, पण वरची नेमकी उलट बाजूस असते. दोन फेऱ्यांनीं दोन्ही जुळल्या पाहिजेत. मध्येंच पाना अडला तर जोर करावयाचा नाहीं. कोठें तरी लोखंड लोखंडास लागलें आहे. कांहीं नव्या पट्ट्यांवर रंगीत रेघा असतात. त्या दोन फेऱ्यांनंतर जागेवर परतत नाहींत, हें पाहून नवखा माणूस घाबरतो. त्या रेघा केवळ बसवितांना उपयोगाच्या; पुढें त्यांकडे पाहूंच नये.

पहिल्या कारागिरानें हे दोन फेरे टाळले, एवढाच त्याचा अपराध. त्यानें ताणचाकहि जुनेंच ठेविलें होतें, आणि कॅमच्या जुन्या सीलमधून झिरपणारें तेल नव्या पट्ट्यास लागलें होतें. तेल लागलेला पट्टा टिकत नाहीं. म्हणून ताणचाक, सील व पट्टा असें तिन्ही पुन्हां घ्यावें लागलें. ज्या एंजिनांत वॉटर पंप याच पट्ट्यानें फिरतो, तेथें तोहि त्याच वेळीं बदलणें शहाणपणाचें.

परततांना घाट तिसऱ्या गिअरांत चढलों. मिस्त्रींनीं झांकणावर पांढऱ्या रंगानें तारीख व किलोमीटर लिहून ठेविले होते. पुढें गाडी विकली, तेव्हां घेणाऱ्या गृहस्थांस आम्हीं प्रथम तीं अक्षरें दाखविलीं. ते मात्र गाद्या पाहत होते.