सजावटीचे अक्षर आणि आपला ‘ळ’

हौसेच्या वस्तूंवरील अक्षर ही क्षुल्लक बाब आहे, असे मानण्याची आपल्या समाजात रीत पडली आहे. गणपतीच्या मखरामागील फलक, हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्या, बारशाच्या नावाची पाटी, मुंजीची आमंत्रणपत्रिका यांवर संगणकातील जो फाँट गोंडस दिसेल तो चालवावा, मजकूर वाचता आला म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. भोपाळसारख्या गावी तर तो घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण आपल्या स्थितीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. काही त्याआधीची, काही भेलच्या कारखान्यामागून आलेली. या कुटुंबांतील तिसरी-चौथी पिढी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकते. घरात मराठी बोलली जाते, पण मराठी पुस्तक क्वचितच हाती येते. मग या मुलांना लिहिलेली मराठी दिसते कोठे? सणासमारंभाच्या सजावटीवर. ज्या फलकाला आपण दोन दिवसांची हौस समजतो, तीच या मुलांची अंकलिपी होय. अंकलिपीत चुकीचे अक्षर चालेल काय?

नेमके काय चुकते, ते पाहू. पहिला बळी ‘ळ’चा. ‘हळदीकुंकू’ छापून येते ते ‘हलदीकुंकू’, ‘तिळगूळ’चा होतो ‘तिलगुल’. हिंदी मजकूर जुळविणाऱ्याच्या हाताला या अक्षराची सवय नसते, आणि काही हौशी फाँटांत ते अक्षर घडविलेलेच नसते. दुसरा बळी अर्ध्या ‘ऱ’चा. लग्नघरी ‘वऱ्हाड’ हवेच, पण अनेक सजावटी फाँट त्या ‘र’चा रफार करून ‘ह’च्या डोक्यावर ठेवतात. वऱ्हाडातूनच आलेल्या कुटुंबाच्या पत्रिकेवर ‘वर्हाड’ छापून यावे, यापरती थट्टा कोणती? हा भेद नुसता दिसण्याचा नाही. आचार्यांचे आभार आणि आचाऱ्यांचे आभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा बळी ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाचा. शिरोरेषेपासून निघालेल्या देठाला दोन पाकळ्या, हा आपला ‘ल’. उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ हिंदीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपे म्हणून निश्चित केली आहेत.

हे लिहिण्यामागे हिंदीचा दुस्वास आहे, असा अर्थ कोणी काढू नये. या प्रदेशाने आपल्याला आसरा दिला आहे. शिवाय देवनागरीत देवाणघेवाण जुनीच आहे. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरीचे सुबक खिळे पाडले. पुढे मानक हिंदीने मुंबई वळणाचे ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ स्वीकारले. हिंदीने आपली अक्षरे विचारपूर्वक घेतली. आपण मात्र आपली अक्षरे निष्काळजीपणाने टाकून देत आहोत. आक्षेप आहे तो या निष्काळजीपणाला.

दुसऱ्या टोकाचाही समाचार घेतला पाहिजे. ‘मराठीला असली नाचरी अक्षरे शोभत नाहीत, साधा ठसा पुरे’ असे म्हणणारी वडील मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याविषयी आदर राखून सांगावेसे वाटते की, मराठी अक्षर कधीच असे गंभीर चेहरा करून बसलेले नव्हते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके अशी रेखाटली की प्रयोगाआधीच नाटकाचा स्वभाव वाचकाला कळावा. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे शीर्षाक्षरही त्यांचेच. २०२० साली ते गेले, पण अक्षराने हसावे, रुसावे, गिरकी घ्यावी, हा वारसा ते मागे ठेवून गेले. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फाँट घडविला, तेव्हा कोट्यवधी लोकांच्या पडद्यावर देवनागरी आली. अशा परंपरेत खेळकरपणा परका कसा?

‘चांगले फाँट महाग असतात’ ही सबबही आता टिकत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ नावाचा गुबगुबीत फाँट, मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून घेतलेला ‘यात्रा’ फाँट, हे मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. पत्रिकेवर वापरा वा विकावयाच्या वस्तूंवर, कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तरीही इंग्रजी वळणदार अक्षरांच्या मोहाने ‘शुभमंगल’ रोमनमध्ये लिहिले जाते, तेव्हा दोष पैशाचा नसून आळसाचा असतो.

निवड कशी करावी, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. फाँटाचे नाव किंवा नमुन्याचे चित्र पाहून भुलू नये. ‘वऱ्हाड’, ‘तिळगूळ’, ‘डोहाळजेवण’, ‘शालू’, ‘ॲड्व्होकेट’ हे पाच शब्द त्यात लिहून पाहावेत. यांतील एकही अडखळला तर तो फाँट कितीही लाडिक असो, परत करावा. ‘ल’ हिंदी वळणाचा दिसला तर लगेच निराश होऊ नये. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही ‘ल’ एकच असल्याने, काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडताच आपले रूप प्रकट होते. ‘मोदक’सारखे जाड अक्षर एकदोन शब्दांच्या मोठ्या शीर्षकालाच वापरावे. लहान आकारात त्याच्या पोटातील फटी बुजतात आणि ‘ब’ कोणता, ‘व’ कोणता, हे कळत नाही. पत्ता व मुहूर्त साध्या ठशातच द्यावेत.

पुठ्ठा किंवा फोम कापून अक्षरे करणाऱ्यांना शिरोरेषा हे वरदान आहे, कारण सारा शब्द तिला धरून अखंड निघतो. काही आधुनिक फाँटांत शिरोरेषाच नसते, त्यांतील अक्षरे सुटी होतात आणि चिकटविताना वाकडी बसतात. अनुस्वाराचा ठिपका मात्र नेहमीच सुटा पडतो. तो जपून ठेवावा, नाहीतर ‘मंगल’चा ‘मगल’ होतो. आणि छापखान्यात मजकूर नुसता हाताने लिहून देऊ नये. तो फाँटासह जुळवून, आकृतीत रूपांतरित करून द्यावा आणि छापण्यापूर्वीचा नमुना घरातील ज्येष्ठांनी एकदा वाचावा.

ही फार मोठी मागणी नाही. मखरासाठी आपण आठवडाभर खपतो, त्यात या पाच शब्दांसाठी पाच मिनिटे काढता येतील. येत्या गणेशोत्सवात आपल्या फलकावरचा ‘ळ’ शाबूत आहे ना, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. नातवंडांनी तो वाचला, बोटाने गिरवला आणि हे अक्षर कोणते म्हणून विचारले, तर त्या सजावटीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.