थकलं कोण, खेळाडू की संघ?

मार्चचा दुसरा आठवडा आला की आमच्या न्यू जर्सीत फुटबॉलच्या गप्पांना पुन्हा ऊत येतो. इथला फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मैदानावर एकही सामना नसतो, पण सगळ्या संघांचं पुढचं वर्ष याच दिवसांत ठरतं. किमान चार हंगाम खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघाकडे जाता येतं. यालाच फ्री एजन्सी म्हणतात. कोर्टात लढून खेळाडूंनी १९९३ साली हा हक्क मिळवला आणि पुढच्याच वर्षी संघांच्या पगारखर्चावर मर्यादा आली. २०२४ मध्ये ही सॅलरी कॅप संघामागे २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्यांना हे गणित सांगावं लागणार नाही. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं.

मग जुन्या, लाडक्या, तिशीकडे झुकलेल्या खेळाडूचं काय करायचं?

पैसे पुढच्या कामाचे द्यायचे, मागच्या कामाचे नाहीत, हे व्यवस्थापनाचं सूत्र मला मान्य आहे. सिएटलच्या शॉन अलेक्झांडरचं उदाहरण आहेच. २००५ च्या हंगामात तो १८८० यार्ड धावला, २८ टचडाउन केले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाने खूश होऊन त्याला आठ वर्षांचा, ६ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. पुढच्याच हंगामात त्याचं पाऊल मोडलं आणि २००८ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. दर सामन्यात वीस-वीस वेळा त्याच्या अंगावर माणसं कोसळतात. त्याचं शरीर लवकर झिजतं, ही भीती खोटी नाही.

पण या भीतीच्या आड एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. घसरण त्या खेळाडूत झाली आहे, की त्याच्या आजूबाजूला?

रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीच्या बाबतीत न्यूयॉर्क जायंट्सनी हा प्रश्न विचारला नाही, असं माझं ठाम मत आहे. (नाव न्यूयॉर्कचं असलं तरी हा संघ खेळतो आमच्या ईस्ट रदरफर्डमध्ये.) २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्याच क्रमांकावर त्यांनी त्याला घेतलं. २०२० मध्ये त्याचा गुडघा गेला, तरी तो परतला. २०२२ मध्ये १३१२ यार्ड धावून संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. त्यानंतर जायंट्सनी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या, डॅनियल जोन्सला १६ कोटी डॉलरचा करार दिला आणि बार्कलीला फ्रँचाइज टॅग लावून, म्हणजे फ्री एजन्सीत जाण्यापासून अडवून, एका वर्षावर ठेवलं. २०२३ मध्ये तो ९६२ यार्डांवर थांबला, एका धावेला चार यार्डही पुरे पडेनात. वय सत्तावीस. कागदावर सगळं जुळत होतं: उतरण सुरू झाली, जाऊ द्या.

त्याच हंगामातला दुसरा आकडा पाहा. जायंट्सचे क्वार्टरबॅक ८५ वेळा जमिनीवर पाडले गेले. लीगच्या इतिहासात याहून वाईट हंगाम फक्त एकाच संघाच्या वाट्याला आला आहे. वाट मोकळी करणारे पुढचे पाच जणच ढासळले होते. चेंडू हातात येताच बार्कलीला समोर भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीचा हिशोब त्याच्या वयाच्या खात्यावर मांडला गेला.

मार्च २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी, म्हणजे थेट शेजारच्या वैऱ्यांनी, त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले. तिथे त्याच्यापुढे जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सनसारखे पहाड उभे होते. त्या हंगामात तो २००५ यार्ड धावला, एका धावेला सरासरी ५.८ यार्ड. ऑक्टोबरमध्ये तो जायंट्सच्या मैदानावर परतला तेव्हा जुन्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली, आणि त्याने १७ धावांत १७६ यार्ड काढले. ९ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. जायंट्सचा तो हंगाम ३ विजय आणि १४ पराभवांवर संपला, आणि ज्याच्यावर १६ कोटी लावले तो जोन्स नोव्हेंबरमध्येच संघाबाहेर गेला होता.

जायंट्सचे पाठीराखे म्हणतात, तो इथे राहिला असता तर २००० यार्ड धावलाच नसता. अगदी खरं. माझी तक्रार तीच आहे. त्याच मार्चमध्ये टेनेसीने तीस वर्षांच्या रनिंग बॅक डेरिक हेन्रीलाही जाऊ दिलं. बाल्टिमोरने त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलरमध्ये घेतलं आणि तो १९२१ यार्ड धावला. पिकतं तिथे विकत नाही.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची अशीच कथा तर जगजाहीर आहे. वीस हंगाम आणि सहा विजेतेपदांनंतर, बेचाळिसाव्या वर्षी त्याने न्यू इंग्लंड सोडलं. तिथे शेवटच्या वर्षी त्याच्याकडे भरवशाचे रिसीव्हर, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू झेलणारे, फारसे उरले नव्हते. टॅम्पात माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन मिळाले आणि पहिल्याच हंगामात तो पुन्हा सुपर बोल जिंकला.

प्रत्येक निरोप चुकीचा असतो असं मात्र मी म्हणणार नाही. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग २०११ चा अख्खा हंगाम बाहेर होता. त्याच्याशिवाय त्याचा संघ इंडियानापोलिस कोल्ट्स दोनच सामने जिंकला आणि तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळत असल्याने तरुण क्वार्टरबॅक अँड्र्यू लक त्यांच्या हाती येणार हे ठरलं. मॅनिंगला २ कोटी ८० लाखांचा बोनस देण्याची मुदत समोर होती, आणि ती मान पुन्हा धक्के सोसेल का, हे कोणाला सांगता येणार होतं? मार्च २०१२ मध्ये मालक जिम आयर्से आणि मॅनिंग पत्रकारांसमोर एकत्र आले, एकमेकांबद्दल भरभरून बोलले आणि वेगळे झाले. मॅनिंग पुढे डेन्व्हरकडून सुपर बोल जिंकला. तरी २०१७ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला तो कोल्ट्सच्याच स्टेडियमबाहेर. इतक्या मानाने निरोप देणारे संघ थोडे, आणि मला कोल्ट्सचं त्यासाठी मनापासून कौतुक वाटतं.

जायंट्सच्या आणि सगळ्याच संघांच्या व्यवस्थापनाला माझं एक सांगणं आहे. जुन्या खेळाडूची फाइल उघडाल तेव्हा त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांची फाइलही शेजारी ठेवा. आणि ते पाच जण सुधारायची तयारी नसेल, तर त्याला टॅग लावून अडकवू नका, वेळेवर मोकळं करा.